नाव न घेता केलेली प्रार्थना

आमच्या घरात बसून कोणाची निंदा करायची सोय नव्हती. तशी पाटी काही दारावर लावलेली नव्हती, पण वस्तीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि नव्या आलेल्या बाईला पहिल्या चहातच कळत असे. कोणी बसल्या बसल्या 'त्या अमक्याच्या सुनेचं कानावर आलं का?' असं सुरू केलं की माझी आई हातातलं काम खाली ठेवायची, उठायची, पायात चपला सरकवायची आणि अगदी मनापासून म्हणायची, 'चला, तिच्याकडेच जाऊन विचारू. आपल्याला अर्धवट कशाला कळायला हवं?' पहिल्यांदा लोकांना ती थट्टा वाटे. मग आई दारात उभी राहून वाट बघू लागली की पाहुणीच्या लक्षात यायचं, ही बाई खरंच निघाली आहे. एकदा शेजारच्या मार्थाकाकूंना तिने हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं होतं. अर्ध्या वाटेत मार्थाकाकूंना आठवलं की आपलं दूध स्टोव्हवर आहे, आणि त्या पळत माघारी गेल्या. गोष्ट सकाळची होती, आणि मार्थाकाकूंकडे दूध संध्याकाळी येत असे.

पप्पा म्हणायचे, आपल्या घरात फक्त मेलेल्या माणसांबद्दल बोलायला परवानगी आहे. त्यावर आई म्हणायची, त्यांची गाठ वर पडायचीच आहे, तेव्हा जपूनच. पप्पा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. पहाटे दाढी करताना ते खर्जात भजन म्हणत, आणि कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा भोंगा वाजला की भजनाचं शेवटचं कडवं रस्त्यावर पळत पळत पूर्ण होई. सगळ्या वस्तीला त्यावरून वेळ कळायची. घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, मागे कोंबड्यांचं खुराडं आणि शेवग्याचं झाड. आई सकाळी बाजरीच्या भाकऱ्या थापायची तेव्हा त्या आवाजाला पप्पांच्या भजनाचा ताल असायचा की पप्पांच्या भजनाला भाकरीचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कोणाचं चुकलं तर आधी त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना बोला, एवढं एकच शास्त्रवचन तुझ्या आईला पाठ आहे, असं पप्पा मला तिच्यासमोर सांगत. आई म्हणायची, एक तर नीट पाळू द्या, मग दुसरं पाठ करते.

गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असायची, दर आठवड्याला वेगळ्या घरी. सतरंजी, हार्मोनियम, दोन गीतं, पाळकीणबाईंचा छोटा संदेश, मग प्रार्थनेच्या विनंत्या आणि शेवटी चहा. चहाबरोबर एकच पदार्थ असावा असा नियम चर्चच्या मंडळीने केला होता, कारण त्याआधी चढाओढ होऊन एका घरी जेवणाची पंगतच झाली होती. नियम झाल्यावर बायकांनी भज्यांच्या एकाच ताटलीत कांदा, बटाटा, मिरची, मेथी आणि ओव्याची पानं घालून नियम पाळला. माझं त्या वेळी शिक्षण संपून मी बालवाडीत शिकवायला लागले होते. आमच्या घरी सभा असली की दुपारी बालवाडी सुटल्यावर भजी तळायचं काम माझ्याकडे असे.

या सभेचा प्राण म्हणजे लीलामावशी. नात्यातल्या नव्हत्या, साऱ्या वस्तीच्याच मावशी होत्या. निफाडकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या, आवाज भरदार, मन त्याहून मोठं. कोणाकडे बाळंतपण असो की मयत, पहिला डबा मावशींचा यायचा. माझ्या लहानपणी मला गोवर आला तेव्हा त्या आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. त्यांच्यात खोट एकच होती. त्यांच्या पोटात काही राहत नसे. आणि ते बाहेर काढायला त्यांना प्रार्थनेसारखी जागा सापडली होती. 'नाव नाय घेत मी, पर एका बहिणीसाठी सगळ्यांनी मागा. तिचा नवरा परत प्यायला लागलाय. ज्यांच्या दाराशी जास्वंद हाय, त्यांच्यासाठी, बापा.' वस्तीत जास्वंद एकाच घराच्या दाराशी होती. मावशी नाव कधीही घेत नसत. खूण मात्र अशी देत की पोस्टमननेही चूक करू नये. आणि आईचा चपलांचा उपाय इथे चालत नव्हता, कारण निंदा मध्येच तोडता येते, प्रार्थना कशी तोडणार? सगळ्यांचे डोळे मिटलेले, डोक्यावर पदर, आणि समोर देव.

हे सगळं आठवतं आणि मला हसू येतं, कारण परवाच माझ्या नातीने मला मंडळीच्या मोबाईलवरच्या प्रार्थना गटात घातलं. तिथे पहिलाच निरोप होता, 'एका कुटुंबासाठी प्रार्थना करा, तपशील विचारू नये.' खाली बावीस जणींनी हात जोडले होते आणि तेविसावीने तपशील विचारला होता.

तर त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलाचं नाव वसंत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी, राहायला तिथेच, आई येवल्याला. कांदेपोह्यांच्या वेळी तो पोह्यांतल्या मिरच्या एका बाजूला काढून ठेवत होता, आणि माझं लक्ष गेलेलं पाहून त्याने त्यातली एक उगाच खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं तरी तो माझ्या पप्पांशी कारखान्याबद्दल बोलत राहिला. मला तो तिथेच आवडला, हे मी आता सांगते. तेव्हा विचारलं असतं तर 'आईपप्पा म्हणतील तसं' म्हटलं असतं. त्याची आई येवल्याच्या एका दवाखान्यात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. सगळे तिला सिस्टरबाई म्हणत. बोलणं मोजकं, नजर धारदार. चहा पिऊन झाल्यावर बशी पुसून ठेवणारी बाई मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत पाळक मुलामुलीची नावं पुकारतात, आणि कोणाची काही हरकत असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं म्हणतात. मुलीच्या मंडळीत आणि मुलाच्या मंडळीत, दोन्हीकडे. आमची पहिली पुकार झाली त्या दिवशी माझे कान इतके तापले होते की पाळकसाहेबांनी पुढे कशावर संदेश दिला ते मला आठवत नाही. पप्पांनी मात्र त्या दिवशी गीत इतक्या मोठ्याने म्हटलं की हार्मोनियम वाजवणारा त्यांच्याकडे वळून बघत होता.

त्यानंतरच्या मंगळवारी लीलामावशींची सून प्रेमलावहिनी मला विहिरीमागे गाठून म्हणाली, माझ्याबरोबर नाशिकरोडला येशील का? तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तिने एका डॉक्टरीणबाईंचं नाव ऐकलं होतं. नवऱ्याला तिने सांगितलं होतं, सासूला नाही. सासूला कळलं तर गुरुवारी सगळ्या मंडळीला कळणार, मग गुण येवो न येवो, प्रत्येक उपासनेनंतर तिच्या पोटाकडे नजरा जाणार. एकटीने जायचा धीर होत नव्हता. हे मी आज लिहिते आहे, कारण पुढे कितीतरी वर्षांनी वहिनीने स्वतःच मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली, दोन्ही मुलांना शेजारी उभं करून. तिची गोष्ट तिने सांगितली, तेव्हा ती माझ्या तोंडची राहिली नाही. लीलामावशी तेव्हा पुढच्या रांगेत होत्या. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, 'अगं, मला तवाच सांगितलं असतंस तर मी सभेत परार्थना मागितली असती ना.' सगळी मंडळी हसली. का हसली ते मावशींना शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून त्याही हसल्या.

त्या मंगळवारी आम्ही गेलो. वहिनी आत तपासायला गेली आणि मी बाहेर, जिन्यावरच्या गॅलरीतल्या बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसले. समोरच्या दुकानात कोणाच्या तरी बारशासाठी टोपरं घ्यायला नेमक्या लीलामावशी आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं नाही. त्यांची सून एका पडद्यापलीकडे होती. लग्नाची पुकार झालेली मुलगी, बायकांच्या दवाखान्यात, एकटी. मावशींना रात्रभर झोप आली नसणार.

गुरुवारी सभा आमच्याच घरी होती. मी आत भजी तळत होते. मावशींची प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी गॅस बारीक करून डोळे मिटले. 'नाव नाय घेत, बापा. पर जिची आत्ता पहिली पुकार झाली, अशा एका लेकरासाठी आम्ही मागतो. नाशिकरोडच्या दवाखान्यात, जिन्यावरून वर, ती एकटीच बसली व्हती. तिच्या हातून काय चुकलं असंल तर झाकून घे. तिच्या आईबापांची लाज राख.' आवाज खरोखर कापत होता. त्यात कपट नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन. मावशी 'आमेन' म्हणाल्या आणि सवयीने मीही आतून 'आमेन' म्हणाले. मग कोणाबद्दल चाललं होतं ते माझ्या डोक्यात शिरलं. त्या दिवशीची भजी जळाली आणि बायकांनी ती तशीच, एक शब्द न बोलता, सगळी खाल्ली.

सगळ्या गेल्यावर आई आत गॅसपाशी आली. रागावलेली होती, पण माझ्यावर की मावशींवर हे तिचं तिलाच ठरत नव्हतं. तिने विचारलं, गेली होतीस का? मी म्हटलं, गेले होते, पण माझ्यासाठी नाही. मग कोणासाठी? मी म्हटलं, ते सांगता येणार नाही.

'मलाही नाही?'

'तुलाही नाही.'

आईने डाळीत पळी घातली. डाळ शिजून कधीची तयार होती, तरी ती ढवळत राहिली. तिचा हात थांबेपर्यंत मी तिच्याकडे बघत उभी होते, आणि मला खरंच भीती वाटत होती, कारण तिने पुन्हा विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. शेवटी ती 'बरं' म्हणाली. नंतर आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ चांगलं म्हटलं, पण त्या 'बरं'ची सर कशाला आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चपला घातल्या. या वेळी बरोबर मी होते, आणि आम्ही लीलामावशींकडे गेलो. मावशींनी नेहमीसारखा आमच्यातला 'सलाम' केला, चटई टाकली, प्रेमलावहिनीला चहा ठेवायला सांगितलं. आईने आडवळण घेतलं नाही. ती म्हणाली, 'लीलाबाई, देवाला सगळं ठाऊक असतं असं तुम्हीच सांगता. मग काल दवाखान्याचा पत्ता तुम्ही कोणाला सांगत होतात?'

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, माझं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं, हे त्या पुन्हा पुन्हा सांगू लागल्या. त्यावर आई म्हणाली, मग आधी माझ्याकडे यायचं होतं. मावशी म्हणाल्या, धीर झाला नाही. हे अगदी खरं होतं. माणसाकडे जायला धीर लागतो, देवाकडे जायला लागत नाही, आणि देव कोणाला उलट उत्तरही देत नाही. मग मावशींना एक तोड सुचली. डोळे पुसून त्या म्हणाल्या, 'तू तिथं का गेली व्हतीस तेवढं सांग, नंदा. येत्या गुरुवारी मी स्वतः सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं म्हणून. नाव घेऊन सांगते.'

प्रेमलावहिनी त्याच वेळी चहा घेऊन दारात आली होती. ती उंबऱ्यावरच थांबली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. आई म्हणाली, ते मलाही ठाऊक नाही. आईला ठाऊक नाही आणि तरी ती मुलीच्या बाजूने भांडायला आली आहे, हे लीलामावशींच्या डोक्यात मावत नव्हतं.

आमच्या मंडळीतली प्रार्थना एसटीच्या आधी पोचायची. शनिवारपर्यंत ती येवल्याला पोचली होती. रविवारी उपासनेआधी पाळकसाहेब आमच्या ओट्यावर आले, बसले नाहीत. सिस्टरबाईंचा फोन आला होता. दुसरी पुकार आज करू नका, आधी मी येऊन भेटते, असा. पप्पा त्या दिवशी उपासनेला देवळात गेले, पण गाताना त्यांचा आवाज आलाच नाही. तेवढं मात्र मला सहन झालं नाही. घरी येऊन मी कोंबड्यांना दाणे टाकत रडले.

त्या दुपारी प्रेमलावहिनी मागच्या दाराने आली. तिचे डोळे माझ्याहून सुजलेले होते. म्हणाली, सांगून टाक गं, माझं काय व्हायचं ते होईल, तुझं लग्न मोडायला नको. मी नाही म्हटलं. इथे मी फार मोठी त्यागमूर्ती होते असं वाचणाऱ्याने समजू नये. निम्मा हट्ट होता. ज्या माणसांच्या मनात माझ्याबद्दल एवढं पटकन वाईट येऊ शकलं, त्यांना खुलासा द्यायला मी बांधलेली नाही, असं माझं डोकं फिरलं होतं. आणि निम्मं असं की वहिनीने ते मला विश्वासाने सांगितलं होतं, आणि ते जिथे ठेवायचं तिथेच मी ठेवलं होतं. आता ते काढून माझी वाट मोकळी करायची म्हणजे मग मावशींत आणि माझ्यात फरक काय? उलट मावशी निदान डोळे तरी मिटत होत्या.

सोमवारी वसंत बालवाडीच्या फाटकाशी सायकल घेऊन उभा होता. लग्न ठरलेल्या मुलामुलीने असं रस्त्यात बोलणं तेव्हा वावगं होतं, पण आता वावग्याची आम्हाला काय भीती? तो म्हणाला, 'मला काही विचारायचं नाही, हे मी आईला सांगितलंय. पण ती माझं ऐकत नाही. ती स्वतःचंच ऐकते.' मग थोडा वेळ सायकलची घंटी उगाच वाजवून तो निघून गेला. बालवाडीतली मुलं दिवसभर ती घंटी तोंडाने वाजवत होती. मला त्या आठवड्यात एवढंच हसायला मिळालं.

पुढच्या शनिवारी सिस्टरबाई येवल्याहून एसटीने आल्या, एकट्याच. आईने पुरण घातलं होतं. लग्न मोडायला आलेल्या बाईलाही उपाशी पाठवायचं नाही, हे तिचं ठरलेलं. पाळकसाहेब आणि पप्पा बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर ताठ बसले होते. सिस्टरबाईंनी पाणी घेतलं आणि म्हणाल्या, मला आधी नंदाशी बोलायचं आहे. त्या सरळ आत आल्या. आई पोळपाट-लाटणं तिथेच ठेवून मागच्या अंगणात गेली. सिस्टरबाई धान्याच्या डब्यावर बसल्या. मी तवा उतरवून उभी राहिले.

'दवाखान्यात गेली होतीस?'

'हो.'

'कोणासाठी?'

'ते सांगता येणार नाही.'

'मी तुझी सासू होणार आहे.'

'झालात तरी सांगता येणार नाही.'

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेने त्यांनी आयुष्यभर थर्मामीटर वाचले असणार. मग त्यांनी हळूच विचारलं, 'आणि यावरून लग्न मोडलं तर?'

मला मिरची खाऊन डोळ्यांतून पाणी काढणारा वसंत आठवला. मला तो फार हवा होता. मी म्हटलं, 'तरी नाही.'

त्या उठल्या. माझ्या गालावरचं पीठ त्यांनी पदराने पुसलं आणि बाहेर गेल्या. मी दारामागे उभी राहिले. मागच्या दाराने आई आत आली होती आणि तिने माझा हात घट्ट धरला होता.

बाहेर पप्पांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. पाळकसाहेब खाकरले. सिस्टरबाई म्हणाल्या, 'उद्या दुसरी पुकार होऊ द्या. येवल्याला पण होईल, मी आजच जाऊन सांगते.'

पप्पांना काही कळेना. ते चाचरत म्हणाले, 'म्हणजे, तिने तुम्हाला सगळं सांगितलं का?'

'काहीच सांगितलं नाही,' सिस्टरबाई म्हणाल्या. 'अर्ध्या येवल्याच्या बायकांची दुखणी माझ्या पोटात आहेत, भाऊ. घरात दुसरी कोणीतरी तशी हवी होती.'